चौथा फिल्टर

उमरगा, जि. उस्मानाबाद
फाल्गुन वद्य तृतीया, शके १८६५

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळालं आणि शरणूसाठी पाठवलेलं परकराचं कापडही मिळालं. लांबीला जरा जास्त आहे, पण तू पोरीला बघून वर्ष होत आलं, तुला तिची उंची कशी कळावी? आत दुमड घालून शिवलंय. घालून अख्ख्या गल्लीत मिरवून आली. पत्राच्या शेवटी तू नेहमीसारखंच विचारलंस, फिल्टर कसा चाललाय? जावयाची खुशाली विचारावी तशी तू त्या फिल्टरची विचारतेस. आजवर मी 'ठीक चाललाय' एवढंच लिहीत आले. आज नीट लिहिते. आमच्या घरात सध्या तीन फिल्टर आहेत आणि ह्यांचं चौथ्याचं बघणं चाललंय. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीचं चित्रांचं पुस्तक मागवलंय. दुकान बंद करून आले की जेवणाआधी ते मांडीवर घेऊन बसतात. भाऊजींना ह्यांचं वेगळं पत्र येईलच. सोलापुरात तो मिळतो का, तोटी पितळेची आहे की दुसऱ्या कशाची, घागरभर पाणी गळायला किती वेळ लागतो, असं सगळं त्यात असेल. भाऊजींनी खुशाल जाऊन बघावं. माझं हे पत्र मात्र त्यातलं नाही. आमच्या दुकानातला गुरुलिंग माल आणायला सोलापूरला निघालाय, त्याच्या हाती देतेय. घरात कुणाला ठाऊक नाही. वाचून झालं की चुलीत घाल.

तुला सगळं तुकड्यातुकड्यानं माहीत आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते. आमच्या आडाचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजत नाही. प्यायचं पाणी सगळी गल्ली बारवेचं आणते. पायऱ्या उतरून खाली जायचं, घोटा-पोटरीभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. चवीला गोड पाणी, तुझ्या नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी गोड. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात बघितलं, की निम्म्या गल्लीचे पाय फडक्यांनी बांधलेले. आपण माहेरी नारू हा शब्द नुसता ऐकून होतो. इथं लोक आंब्यासारखी त्याची वाट बघतात, यंदा कुणाकुणाला आला म्हणून. माझे दीर वीरभद्र तेव्हा तालमीत जायचे. त्यांच्या गुडघ्यात नारू निघाला. पांढरा दोरा बाहेर येतो, तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा असतो. तो आत तुटला आणि गुडघा कायमचा आखडला. ठरलेली सोयरीक मोडली. आता ते पाय सरळ लांब करून दुकानाच्या गादीवर बसतात आणि गिऱ्हाईक त्या पायाला वळसा घालून जातं.

तेव्हापासून ह्यांनी पाण्याचं मनावर घेतलं. इथल्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादकडचे, मोठे भले गृहस्थ. त्यांनी ह्यांना सांगितलं होतं, "ये नारू पानी में से आता, सेठ. आज पिये सो पानी, अगले साल पाँव में से निकलता. पानी छान को पियो, घर से बीमारी चली जाती." म्हणजे आज जे पोटात जातं ते दिसायला वर्ष लागतं. अक्का, एवढं एक वाक्य ध्यानात ठेव, मला ते पुढं लागणार आहे.

पहिला फिल्टर तुम्हीच पाठवलात. भाऊजींसोबत तू ऊन डोक्यावर घेऊन दुकानं पालथी घातलीस आणि सगळ्यांत जाड मातीचा, तोटीचा निवडलास. मोटारीतून गवतात गुंडाळून आला तेव्हा सासूबाईंनी त्याला विभूती लावली, पोरींनी टाळ्या वाजवल्या. महिनाभर आम्ही त्यातलं पाणी ऐटीत प्यालो. मग शेजारचे अडते महालिंगप्पा कुठूनशी बातमी घेऊन आले, की आतली ती पांढरी कांडी हाडांच्या राखेची असते. लिंगवंताच्या घरात हाडातून गळलेलं पाणी! सासूबाईंनी हातातलं फुलपात्र तेवढं खाली ठेवलं आणि दोन दिवस आडाचं मचूळ पाणी प्याल्या. ह्यांनी सोलापूरच्या दुकानदाराकडून लिहून आणलं, की कांडी मातीचीच आहे, शुद्ध माती. पण एकदा मनात आलं ते आलं. तो फिल्टर आता कोठीत आहे, त्यात मी मिरच्या ठेवते. हे तुला आजवर कळवलं नाही, कारण तुला वाईट वाटलं असतं.

दुसरा घरीच केला. घडवंचीवर एकावर एक घागरी, वरच्यात कोळसा, मधल्यात ओढ्याची धुतलेली वाळू, बुडाला बारीक भोक आणि त्यात वात. कोळसा बाजारचा नको, कशाचा असेल कोण जाणे, म्हणून सासूबाईंनी स्वतः अंगणात बाभळ जाळून केला. बघ, म्हणजे त्यांचा विरोध कधीच नव्हता. तिसरा म्हणजे तांबटाकडून करून घेतलेलं पितळी कडं, त्यावर दुहेरी मांजरपाट ताणून बसवलेला. बारवेवरून आलेली घागर आधी त्यातून ओतायची, मग कोळसा, मग वाळू. ह्यांचा हट्ट असा की पाहुणा असो की गाडीवान, हेच पाणी द्यायचं. गल्लीतले लोक म्हणायचे, महांतप्पाच्या घरी पाण्याला दीक्षा दिल्याशिवाय पाजत नाहीत. आम्हीही हसायचो. एक उन्हाळा गेला, घरात कुणालाच नारू नाही. ह्यांनी त्या आनंदात घडवंचीला रंग दिला. अक्का, तो माझ्या संसारातला सगळ्यांत चांगला उन्हाळा होता.

त्याच्या पुढचा उन्हाळा तुला ठाऊक आहे. आमच्या थोरलीच्या, नीलम्माच्या घोट्याला फोड आला. मी म्हटलं वहाण लागली असेल, तेल लावलं. तो फुटला आणि पांढरं टोक दिसलं तेव्हा हे भिंतीला टेकून खाली बसले. पोर शहाणी होती, काडी फिरवताना ओठ दाबून धरायची आणि 'आता किती राहिला' म्हणून विचारायची. तिचाही तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला, काळानिळा पडला, अंग तव्यासारखं तापलं. डॉक्टरसाहेब घरी येऊन जात होते. जे औषध हवं होतं ते सगळं जंगावर चाललंय, इथं येत नाही, असं म्हणाले. तू आलीस तेव्हा तिला मळ्यात मातीआड ठेवून झालं होतं. तू मला जवळ घेऊन एवढंच विचारलंस, की घरात फिल्टर असताना असं कसं झालं गं? मी तुला उत्तर दिलं नाही, कारण मला ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर बरं झालं असतं असं मला रोज वाटतं.

ह्यांनी तेव्हा काय शोधायचं ठेवलं नाही. वाळू फेकून नवी आणली, घागरी फोडून नव्या घडवल्या, मांजरपाटाचा कपडा उजेडात धरून छिद्रं शोधली. शाळेत जाऊन मास्तरांना विचारलं, तर नीला घरूनच फिरकीचा तांब्या न्यायची आणि कुणाला त्याला तोंड लावू द्यायची नाही, असं ते म्हणाले. बापाचीच लेक. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती कुठल्या लग्नाला गेली, कुणाच्या मळ्यात गेली, कुणाकडं पाणी प्याली, हे आम्ही दोघं तासन्‌तास आठवत बसायचो. डॉक्टरांनीही खोदून खोदून विचारलं. घरातल्या सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, घरच्या पाण्याशिवाय पोरीनं थेंब घेतलेला नाही. कुणी खोटं बोललं नव्हतं, अक्का. खोटं बोललं असतं तर एव्हाना कुणीतरी कबूल तरी केलं असतं.

मग यंदा माघ सरताना सासूबाईंच्या पायाला फोड आला. मी कडुलिंबाचा पाला वाटून बांधत होते. त्या कण्हत होत्या आणि मी उगीच काहीतरी बोलत होते, की आत्ती, तुम्ही तर वर्षभर घराबाहेर पाणी घेतलं नाही. खरंच नव्हतं घेतलं. नीला गेल्यापासून त्या ना लग्नाला गेल्या ना जत्रेला, मठातही गेल्या नाहीत. घर आणि बारव, बारव आणि घर. फडक्याची गाठ मारता मारता माझा हात थांबला. त्या विचारत होत्या काय झालं, आणि मी गाठ सोडून पुन्हा बांधत बसले.

आपल्या लोकांत जन्मलीस, तुला सांगायला नको, पण तू शहरात नळाच्या पाण्यानं पूजा करतेस, म्हणून इथलं सांगते. सासूबाई पहाटे ओलेत्यानं बारवेत उतरतात आणि पूजेच्या पाण्याची गिंडी, तो लहान तांब्या, स्वतः भरून आणतात. त्या गिंडीला दुसऱ्याचा हात लागत नाही. फिल्टरचं पाणी रात्रभर गळत राहतं, म्हणून ते पारोसं, ते पूजेला चालत नाही. पूजेला त्या सकाळचं ताजं पाणी हवं. त्या ते गाळतातसुद्धा, रीतीप्रमाणं, पण त्यांच्या सासूनं श्रीशैलहून आणलेल्या वस्त्रातून. ते वस्त्र इतकं विरलंय, की त्यातून समईची ज्योत दिसते. तळहातावर लिंग घेऊन त्यावर धार धरायची, खाली वाटीत पडतं ते तीर्थ. आधी त्या घेतात, मग शेजारी बसलेल्या नातीला देतात. नीला दीक्षा झाल्यावर रोज अज्जीच्या मांडीला मांडी लावून बसायची. आम्ही दोघं वाचलो ते पुण्यानं वाचलो नाही. ह्यांना दुकान उघडायची घाई आणि मला चुलीची, म्हणून आम्ही हाताशी असेल त्या घागरीतल्या पाण्यानं पूजा उरकतो. डॉक्टर विचारत होते पोर कुठलं पाणी प्याली, आणि आम्ही सगळे आठवून आठवून सांगत होतो. तीर्थाचं नाव कुणाच्याच मनात आलं नाही. तीर्थाला पाणी कोण म्हणतं? मला विचारलं असतंस तर मीही म्हटलं नसतं.

मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाद घातला नाही, यावरूनच मी समजले की ह्यांच्याही मनात ते कधीतरी येऊन गेलं असणार. मी म्हटलं, आत्तींना सांगू या, गिंडीवर मांजरपाट बांधायचा, एवढंच तर आहे. हे म्हणाले, "शिवकांते, का बांधायचा म्हणून ती इचारंल. मग काय सांगू? तुझ्या हातचं तीर्थ घिऊन नीला गेली म्हणून सांगू? आगं, हे अव्वाला कळलं तर दुसऱ्या दिवशी ती बारवंत उतरंल ती वर न्हाय यायची." ह्यांचं खोटं नव्हतं. सासूबाई तशाच आहेत. नीला गेली तेव्हा माझ्यापेक्षा त्यांनाच धरून ठेवावं लागलं होतं. त्या दिवसानंतर ह्यांनी मुंबईचं ते पुस्तक मागवलं. त्यातले फिल्टर मला एकेक करून दाखवतात, हा बघ, ह्यात दोन कांड्या आहेत, हा बघ, ह्याला चांदीचा मुलामा आहे. मी हं हं म्हणते. हे वेडे नाहीत गं. चौथ्यानं काय होणार हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण आईला एक गोष्ट सांगण्यापेक्षा मुंबईहून फिल्टर आणणं सोपं आहे.

मी गप्प बसले नाही. एकदा सासूबाई कपडे बदलायला गेल्या तेवढ्यात गिंडी ओतली आणि घागरीतलं पाणी भरून ठेवलं. त्यांनी धार धरली आणि थांबल्या. बारवेचं पाणी बर्फासारखं गार असतं, घागरीतलं तसं नसतं. "ह्ये माझं पानी न्हाय," म्हणाल्या, कुणावर संशय घेतला नाही, उंदरानं सांडलं असेल नि कुणीतरी भरलं असेल असं आपणच म्हणाल्या, आणि त्या सुजलेल्या पायानं पुन्हा पायऱ्या उतरून गेल्या. मी वर उभी राहून बघत होते. एकेका पायरीवर बसत, हातानं पाय उचलत गेल्या. दुसऱ्यांदा मी शरणूला शिकवलं, की अज्जीनं तीर्थ दिलं की तोंडात धरायचं आणि परसात येऊन थुंकायचं. तिला चार सरून पाचवं लागलंय, तिला काय कळणार. तीर्थ तोंडात घेऊन तिनं अज्जीला खुणेनं विचारलं, की आता थुंकू का, आई म्हणाली. ते गालातून ओघळलं. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. जिची एक पोर गेलीय ती देवावर रुसलीय असं त्यांना वाटलं असणार. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, माझ्यासाठी उपास धरला.

आणि त्यांचा एक नवस आहे. हे मला तुला सांगायचंच होतं, पण लिहिताना हात पुढं जात नाही. नीला गेल्यावर सासूबाईंना वाटलं, आपली सेवा कमी पडली. तेव्हापासून त्या एका वेळेऐवजी तीन वेळा पूजा करतात. पहाटे, दुपारी आणि दिवेलागणीला. दर वेळी बारव, दर वेळी ताजं पाणी, आणि दर वेळी शरणूला तीर्थ. नीलाला त्या दिवसातून एकदा द्यायच्या. शरणूला राखायचं म्हणून तिला तीनदा देतात. आता तर तो फोड घेऊनच पाण्यात उभ्या राहतात. डॉक्टर ओरडून ओरडून सांगतात, की नारूचा पाय पाण्यात बुडवू नका, त्याची पिल्लं त्यात उतरतात. मी एकदा भीत भीत म्हटलं. त्या म्हणाल्या, "आगं लेकी, पान्यात पाय ठिवला की आग थांबती. तेवढंच सुख हाय मला. आन् पोरीसाठी एवढं बी करू नगं व्हय?" पाणी आता तळाला चाललंय. मी पायऱ्या मोजायचं सोडून दिलंय. उन्हाळ्यात जेवढं पाणी कमी तेवढा नारू दाट, असं डॉक्टर म्हणतात.

अक्का, त्या वाईट असत्या तर मी भांडले असते. तुला माझी जीभ माहीत आहे. मी माहेरी लहानाची मोठी होताना कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि सासू खाष्ट असती तर तिलाही सोडलं नसतं. पण ह्या बाईनं मला कधी अगं शिवकांते याच्यापुढं आवाज चढवला नाही. मी आले तेव्हा मला कन्नड येत नव्हतं आणि घरातल्या बायका आपसात कन्नड बोलायच्या, तर माझ्यासाठी ह्या सगळ्यांना दटावून मराठी बोलायला लावायच्या. दोन्ही पोरीच झाल्या म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, तेव्हा सासूबाईंनी गल्लीभर साखर वाटली. नीला गेल्यावर कित्येक दिवस त्या माझ्या पाठीवर हात ठेवून झोपल्या. तोच हात शरणूच्या तोंडाशी वाटी धरतो आणि मी चुलीपाशी बसून बघते. ओरडावं असं वाटतं आणि ओरडता येत नाही. एकीला वाचवायचं तर दुसरीला मारायचं, असं माझं झालंय. देवाला विचारावं म्हटलं तर तोच त्या वाटीत आहे. मी पूजा सोडलेली नाही, पण हल्ली लिंग हातावर घेतलं की माझ्या मनात काहीच येत नाही. ते पहिल्यासारखं कधी होईल असं मला वाटत नाही.

आता का लिहिते ते सांगते. शरणूला तू मागून घे. तू आजवर कुणाकडं काही मागितलं नाहीस, हे माग. भाऊजींच्या हातून सासूबाईंच्या नावानं पत्र लिहून घे, हे त्यांना वाचून दाखवतील. त्यात माझं नाव कुठंही येऊ देऊ नकोस. घर खायला उठतं, पदरी मूल नाही, एक पोर आमच्याकडं वाढू द्या, असं लिही. हे लिहायला सांगताना तुझ्या कुठल्या जखमेला हात लावतेय ते मला कळतं, पण दुसरं कारण त्यांना पटणार नाही. तुझं नाव निघालं की त्यांचा जीव तुटतो, त्या नाही म्हणणार नाहीत, रडत रडत देतील. पाडव्याच्या आत भाऊजींनाच पाठव, फिल्टरचं बोलायला आलो म्हणून येऊ देत आणि जाताना पोरीला घेऊन जाऊ देत. हे बघतील, समजतील आणि न बोलता तिला मोटारीत बसवतील. तिथं तिला नळाचं पाणीही उकळून दे. मात्र ती आजही तीर्थ घेऊन उठलीय आणि भाऊजी येईपर्यंत रोज घेणार आहे, तेव्हा जे पोटात गेलं असेल ते वर्षभर आतच असेल. रोज संध्याकाळी तिचे पाय धुताना घोटा, पोटरी, बोटांच्या बेचक्या नीट बघत जा. फोड दिसला तर मोठ्या दवाखान्यात ने आणि मला काही कळवू नकोस. वर्ष सरलं आणि काही दिसलं नाही, तरी परत पाठवू नकोस, मी कितीही विनवण्या केल्या तरी पाठवू नकोस. मला ती हळूहळू विसरेल, तिला माझा तितका लळाही नाही. पहिल्या काही रात्री ती अज्जी अज्जी करून रडेल. मला तिच्याकडं ने म्हणेल. तू तिला जवळ घे आणि रडू दे.

तुझीच,
शिवकांता